गोळ्यांसाठी व्हांगानुई

धैर्यशीलच्या घरापासून औषधांचं दुकान चालत पाच मिनिटांवर होतं. तरीही दर तीन महिन्यांनी एखाद्या शनिवारी तो गाडी काढायचा आणि पामर्स्टन नॉर्थपासून तासभर लांब असलेल्या व्हांगानुईला जाऊन आपल्या गोळ्या घेऊन यायचा. मराठी मंडळातल्या कुणी विचारलंच तर सांगायला कारण तयार होतं, तिथला शनिवारचा बाजार चांगला असतो. म्हणून मग तो न चुकता तिथून एखादा कोबी नाहीतर थोडे बटाटे घेऊन यायचा. खोट्याला जरा आधार असावा, म्हणून.

खरं कारण अस्मिता होती. ती जवळच्या दुकानात काउंटरवर काम करायची. मूळची नाशिकची, हसतमुख, गणपतीत सगळ्यांच्या पुढे असणारी. तिने कुणाचं काही बाहेर बोलल्याचं धैर्यशीलने कधी ऐकलं नव्हतं. पण शहर लहान, मंडळ त्याहून लहान. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या एका जेवणात कुणीतरी एका विद्यार्थ्याचा विषय काढला होता. मुलगा कुठला, कुणाच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याला 'काय निघालं', सगळं जेवता जेवता. कुणाकडून कळलं हे कुणी विचारलं नाही. एकजण म्हणाला, "आणि दिवाळीत आपण त्याच्या हातची भजी खाल्ली की रे!" सगळे हसले. धैर्यशीलही हसला. त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या कपाटात, मोज्यांच्या खणात, गोळ्यांची पहिली बाटली होती.

तो कराडचा. वडील नारायण एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर झालेले. आई वासंती. एकुलता एक मुलगा शिकायला म्हणून न्यूझीलंडला आला आणि इथलाच झाला. बियाणं तपासायच्या एका लॅबमध्ये त्याला नोकरी लागली. दिवसभर भिंगाखाली गवताच्या बिया बघायच्या, त्यात तणाचं बी किती ते वेगळं काढायचं. काम एकट्याचं होतं, त्याला ते आवडायचं. आपल्याला मुलगे आवडतात हे त्याला कराडलाच, अकरावीत कळलं होतं. इथे येऊन ते उघड करता येईल असं त्याला वाटलं होतं. तसं ते करताही आलं असतं, पण फक्त अशा लोकांपुढे, ज्यांना त्याच्या असण्या-नसण्याचं काही पडलेलं नव्हतं.

इथे कायम राहायची रेसिडेन्सी मिळाल्यावर वर्षभरात त्याला ताप आला, तो जाईना. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं, की एचआयव्ही आहे, रोज एक गोळी घ्यायची, आणि तू म्हातारा होऊनच मरशील. त्यांचं बोलणं खरं ठरलं. विषाणूने औषधाचं निमूट ऐकलं. काही महिन्यांत तो रक्तात सापडेनासा झाला. "आता तुझ्यापासून कुणालाही लागण होणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे वाक्य कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. गाडीत बसून त्याने फोनमधली सगळी नावं खालपर्यंत बघितली आणि फोन ठेवून दिला.

कुडझाई त्याला व्हांगानुईच्या त्या दुकानातच भेटला. रांगेत पुढे एक उंच, काळा, खांदे पाडून उभा राहिलेला तरुण होता. काउंटरवरच्या बाईंनी त्याला विचारलं, "पत्ता तोच ना, पामर्स्टन नॉर्थ?" धैर्यशीलने चमकून वर बघितलं. मग त्याचा नंबर आला आणि बाईंनी त्यालाही तेच विचारलं. दाराशी पोचलेला तो तरुण थांबला.

पार्किंगमध्ये तो म्हणाला, "ब्रो, तूपण पामीहून?"

"हो."

"घराजवळ दुकान नाही?"

"आहे. पाच मिनिटांवर."

"माझ्या तर खालीच आहे. मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहतो."

दोघं हसायला लागले. गाडीला टेकून, पोट धरून हसले. त्या हसण्यात मौज कमी होती, पण गोळ्या सुरू झाल्यापासून असं हसायला मिळालं नव्हतं.

कुडझाई सव्वीस वर्षांचा. तेराव्या वर्षी झिम्बाब्वेहून मावशीबरोबर आला होता. आता म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये काम करायचा. त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. मावशी चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांची पुढारी होती, आणि त्यांतली एक बाई कुडझाईच्या घराखालच्या औषधांच्या दुकानात कामाला होती. "तुमची अस्मिता, तशी आमची सिस्टर ग्रेस," तो म्हणाला. मग दोघं एकाच गाडीने जायला लागले. एवढ्या लांब जायचंच आहे तर निदान पेट्रोल एकाचं जाळू, एवढाच विचार होता.

पण तासभर जायला, तासभर यायला, आणि रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना मेंढ्या आणि वारा. माणूस बोलतोच. इंग्रजीतच बोलायचे, पण धैर्यशीलला नंतर ते सगळं मराठीत झाल्यासारखं आठवायचं.

"मी ऑकलंडला होतो तेव्हा दाताच्या डॉक्टरला खरं सांगितलं," कुडझाई एकदा म्हणाला. "त्यांनी मला दिवसातली शेवटची वेळ दिली. म्हणे, नंतर सगळं नीट धुता येतं."

"तू काय म्हणालास?"

"थँक यू म्हणालो. दात दुखत होता ना."

आणखी एकदा तो म्हणाला, "ऑकलंडच्याच एका क्लिनिकमध्ये बाई म्हणाली, आफ्रिकेतून आलास ना, मग तिकडूनच आणलं असशील. तेराव्या वर्षी मी काय आणणार? एक स्वेटर आणला होता."

डेटिंगच्या अ‍ॅपवर गोरी मुलं सरळ लिहायची, काळे नकोत, एशियन नकोत. "म्हणजे आपण दोघं एकाच ओळीत बाद," कुडझाई म्हणायचा. चर्चमध्ये तो गे असून चालणार नव्हतं, गे लोकांत तो काळा असलेला चालत नव्हता, आणि दोन्हीकडे हा आजार असलेला तर मुळीच नाही. दवाखान्यात दर वेळी नवा डॉक्टर भेटला की पहिल्यापासून सगळं सांगायचं. कधी कळलं, कुणापासून, किती जणांबरोबर. तो मधूनमधून अपॉइंटमेंट पुढे ढकलायचा. धैर्यशील रागवायचा.

"मी आजारी नाहीये रे," कुडझाई म्हणायचा. "मी दमलोय."

वर्षभरात ते दोघं एकमेकांचे झाले. कोण आधी म्हणालं, कधी म्हणालं, असं काही झालं नाही. कुडझाईचा टूथब्रश धैर्यशीलच्या बाथरूममध्ये राहिला, मग त्याच्या कामावरच्या चपला राहिल्या, आणि रविवारी दोघं मिळून कपडे वाळत घालायला लागले.

नोव्हेंबरमध्ये आईवडील सहा महिन्यांसाठी आले. त्याआधी धैर्यशीलने घर आवरलं. टूथब्रश आणि चपला एका पिशवीत घालून कुडझाईच्या हातात दिल्या. स्वतःच्या गोळ्या लॅबमधल्या टेबलाच्या खणात नेऊन ठेवल्या. कुडझाईने पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "रविवारी जेवायला तरी बोलावशील ना?"

बोलावलं. मित्र म्हणून ओळख करून दिली. नारायणरावांना तो आवडला. दोघं गाडीचं बॉनेट उघडून बराच वेळ उभे होते, आणि एकाचं इंग्रजी दुसऱ्याला कळत नसूनही काहीतरी ठरत होतं. वासंतीबाईंनी वरण-भात, बटाट्याची भाजी, शिरा केला. पुन्हा पुन्हा वाढलं. तो गेल्यावर मात्र त्यांनी त्याचा ग्लास दोनदा घासला आणि इतर भांड्यांत न ठेवता खिडकीत वेगळा पालथा घातला. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा सगळ्यांपुढे स्टीलचे ग्लास होते आणि त्याच्यापुढे खिडकीतला तो काचेचा.

धैर्यशीलच्या ते लक्षात आलं. कुडझाईच्याही. त्याने पाणी प्यायलं, "थँक यू, आंटी" म्हणाला आणि जेवला.

त्याला सोडायला जाताना गाडीत कुडझाईने विचारलं, "तिला आपलं कळलंय का?"

"नाही. तिला काहीच माहीत नाही."

"मग हे नुसतं कातडीचं."

धैर्यशील म्हणाला, "त्या पिढीचे आहेत ते."

"हो. माझी मावशीपण त्याच पिढीची आहे."

त्यानंतर तो रविवारी यायचा बंद झाला. कधी डबल शिफ्ट असायची, कधी डोकं दुखायचं. फेब्रुवारीत व्हांगानुईला जायच्या वेळी धैर्यशीलने फोन केला तेव्हा म्हणाला, "तू जाऊन ये."

"तुझ्या गोळ्याही आणू का?"

"नको, मी बघतो माझं."

बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डिसेंबरपासून तो दवाखान्यात गेला नव्हता, त्यामुळे औषध लिहून मिळालं नव्हतं, आणि त्याच्याकडच्या गोळ्या कधीच संपल्या होत्या. त्याचा आजार मुळात उशिरा सापडलेला, अंगातली ताकद तेव्हाच बरीच गेलेली होती. आजार उशिरा सापडल्याचं धैर्यशीलला ठाऊक होतं. पण घरात आई होती, बाबा होते, त्यांना वीकेंडला कुठे कुठे न्यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर विचारायचाच त्याला थकवा आला होता. मेसेज आखूड होत गेले. 'कसा आहेस?' 'गुड.' 'खरंच?' मग नुसता अंगठा.

एप्रिलच्या शेवटी फोन आला. कुडझाईच बोलत होता, पण दर दोन शब्दांनी श्वास घ्यायला थांबत होता. न्युमोनिया झाला होता. तो हॉस्पिटलमध्ये होता.

धैर्यशील लॅबमधून तसाच निघाला. वॉर्डच्या दारापाशी पोचला आणि पाय थांबले. समोर ममता उभी होती. साताऱ्याची, मंडळातली, तिथली नर्स. ती या वॉर्डवर आहे हे त्याला माहीत नव्हतं. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. लिफ्ट अजून उघडीच होती.

"अरे धैर्यशील! कुणाला भेटायला?"

दुसरं एखादं नाव सांगता आलं असतं. कामावरचा मित्र आहे, असं म्हणता आलं असतं. तोंडात जुळवलेलं होतंच. पण आतून खोकल्याचा आवाज आला, आणि तो आवाज त्याने ओळखला.

"कुडझाई," तो म्हणाला. "माझा पार्टनर आहे तो."

ममताने हातातली फाइल बंद केली. मग म्हणाली, "हात सॅनिटाइझ कर आणि जा आत. सकाळपासून काही खाल्लं नाहीये त्याने. तुझं ऐकेल तर बघ."

बस, एवढंच. तिने आणखी काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही. पण तेव्हा धैर्यशीलला त्याची खात्री नव्हती. आत गेल्यावर त्याने पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला, आणि तो कुडझाईला शांतता मिळावी म्हणून की ममताला दिसू नये म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

कुडझाई नाकाला ऑक्सिजन लावून पडला होता. गाल आत गेले होते. मावशी आणि चर्चच्या बायका सकाळी येऊन प्रार्थना करून गेल्या होत्या. त्यांना न्युमोनिया एवढंच माहीत होतं.

"औषध का थांबवलंस?" धैर्यशीलने विचारलं.

कुडझाईने डोळे मिटले. "आता तूपण विचारणार?"

मग धैर्यशीलने विचारलं नाही. दह्याची वाटी उघडली आणि चमचा त्याच्या तोंडाशी धरला. रोज कितीतरी म्हाताऱ्यांना भरवणाऱ्या कुडझाईने आधी मान फिरवली. मग तोंड उघडलं.

औषध पुन्हा सुरू झालं. ताप हळूहळू उतरला. घरी सोडायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, जायचं कुठे. खोलीवर एकट्याने राहणं शक्य नव्हतं, आणि मावशीकडे दिवसभर माणसांची ये-जा. रविवारी सकाळी वासंतीबाई ओट्याशी मेथी निवडत होत्या आणि नारायणराव चहा पीत होते, तेव्हा धैर्यशील म्हणाला, "कुडझाई इथे राहायला येणार आहे. बरा होईपर्यंत."

"का, त्याचं कुणी नाही?" वासंतीबाईंनी विचारलं.

"मी आहे."

"तू आहेस म्हणजे?"

"म्हणजे मी आहे, आई. तुम्ही मुली दाखवताय आणि मी नको म्हणतोय इतकी वर्षं, ते यासाठी."

नारायणरावांनी कप खाली ठेवला. धैर्यशीलला वाटलं, आता एवढं झालंच आहे तर राहिलेलंही आजच होऊ दे, पुन्हा हे सगळं करायची ताकद आपल्यात नाही. कुडझाईला काय झालंय ते सांगायचा हक्क कुडझाईचा होता. त्याने स्वतःचं सांगितलं.

"मला एचआयव्ही आहे. चार वर्षं झाली. औषध चालू आहे, मी ठणठणीत आहे. माझ्यापासून कुणाला काही होत नाही."

वासंतीबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "त्या मुलामुळे झालं?"

"नाही. त्याची ओळख नंतरची."

तसं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. राग ठेवायला एक जागा मिळाली असती. त्या म्हणाल्या, "सहा महिने आपण एकाच कढईतलं खातोय," आणि आपण काय बोललो ते कळून खोलीत निघून गेल्या.

नारायणराव बराच वेळ टेबलावर बोट फिरवत होते. "गोळ्या कुठून घेतोस?"

"व्हांगानुईहून."

"इथे मिळत नाहीत?"

"मिळतात."

"मग?"

"तिथे अस्मिता असते, बाबा. मंडळातली."

नारायणरावांनी मान वर केली नाही. "एवढ्या लांब," ते नुसतं म्हणाले.

कुडझाई आला. वासंतीबाई त्याच्याशी वाईट वागल्या नाहीत, चांगल्याही नाहीत. मऊ भात करायच्या, वर मेतकूट आणि तूप घालायच्या आणि ताट खोलीच्या दाराशी आणून नवऱ्याच्या हातात द्यायच्या. भांडी उकळत्या पाण्याने धुवायच्या. एकट्या त्याचीच नव्हे, सगळीच, मुलाचीसुद्धा. त्यांचे हात लाल झाले. आठवड्याभराने पाणी उकळणं थांबलं. धैर्यशीलला डॉक्टरांनी दिलेली माहिती नारायणरावांनी त्यांना दोनदा वाचून दाखवली होती, त्यामुळे पटलं असेल, किंवा हात दुखले असतील. कुणी विचारलं नाही. एका दुपारी कुडझाईला खोकल्याची उबळ आली आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्या पाणी घेऊन आत गेल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन जरा रडल्या. हे कुडझाईनेच संध्याकाळी सांगितलं. "का रडली?" त्याने विचारलं.

याच दिवसांत एका संध्याकाळी धैर्यशीलने आपलं औषध घराजवळच्या दुकानात वळवून घेतलं. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. आजारी माणसाला सोडून तासभर लांब जायचा त्याला कंटाळा आला होता. अस्मिता काउंटरवर होती. तिने अनोळखी माणसाला विचारावं तसं पूर्ण नाव विचारलं, पत्ता विचारला, पिशवी दिली. मग हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी आधी फोन केलास तर तयार ठेवेन. थांबावं लागणार नाही."

तो घरी आला आणि गाडीतच बसून राहिला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला उलट राग आला. चार वर्षांतले सगळे शनिवार आठवले, ते कोबी, ते बटाटे. हे इतकं सोपं होतं? मग वाटलं, चार वर्षांपूर्वी सोपं निघालं असतं असं कोण सांगू शकेल?

कारण पुढेही सगळं सोपं झालं नाहीच. मंडळातल्या दोन घरांतून बोलावणी यायची थांबली. ममता बोलली म्हणून? अस्मिता? की त्याच्याबरोबर गाडीत रोज एक काळा मुलगा दिसतो म्हणून? की त्या घरांत मुळात पाहुणेच बोलावले जात नव्हते? कळायला मार्ग नव्हता. त्याला सगळ्यात जास्त थकवलं ते यानेच. कुणी तोंडावर काही बोललं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.

मे महिन्यात आईवडील परत गेले. विमानतळावर नारायणरावांनी कुडझाईशी हात मिळवला आणि ऑइल वेळेवर बदलायला सांगितलं. वासंतीबाईंनी त्याला नमस्कार केला, लांबच्या पाहुण्याला करतात तसा. मावशीला कुडझाईने अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन म्हणतो. तो पुन्हा कामावर जायला लागला आहे, अर्ध्या वेळेचं काम करतो, जिना चढला की थांबतो. दवाखान्याच्या तारखेला धैर्यशील बरोबर जातो. एकदा कुडझाई पार्किंगमधूनच परत फिरला होता. धैर्यशील न रागावता त्याच्याबरोबर परत आला आणि दुसऱ्या आठवड्याची वेळ मागून घेतली.

रविवारी कराडहून व्हिडिओ कॉल येतो. नारायणराव कुडझाईची चौकशी करतात, वासंतीबाई करत नाहीत. त्या हवा कशी आहे ते विचारतात, मग नेहमीचं, "जेवलास का?" आणि फोन वडिलांकडे देतात.

परवाच्या रविवारी त्यांनी विचारलं, "जेवलात का?"

नेटवर्क नीट नव्हतं, आवाज तुटत होता. आपण चुकीचं ऐकलं असेल, असं धैर्यशीलला वाटलं. पुन्हा विचारायचं त्याच्या जिवावर आलं.

"हो आई, जेवलो," तो म्हणाला. कुडझाई त्या वेळी ड्युटीवर होता, त्याचा डबा ओट्यावरच राहिला होता.